'निराधार भेटते', 'लाभ मिळतो' आणि माझा बाद झालेला फॉर्म

पऱ्हाटी
राज्यशास्त्रात एम.ए. करतेय. प्रबंधिकेचा विषय विधवा आणि वृद्ध बायकांची पेन्शन. गावं यवतमाळ जिल्ह्यातली, राळेगावच्या बाजूची. प्रश्नावली इंग्रजीत मंजूर झाली आणि मराठी मीच केली. पहिला प्रश्न: 'आपण कोणत्याही सामाजिक सुरक्षा योजनेच्या लाभार्थी आहात काय?' पहिल्या दिवशी 14 फॉर्म भरले, त्यात 11 जणी 'नाही'. मी मनातल्या मनात खूश, म्हटलं योजना पोचतच नाही, काय निष्कर्ष सापडला! वही मिटून उठले तर एक आजी म्हणाल्या, "माह्यं निराधार दोन मयन्यापासून नाई आलं, थे कुठी पायता येते का?"
निराधार म्हणजे निराधार योजनेची पेन्शन. आत्ताच तर नाही म्हणालात, आजी!
"तुनं लाभार्थीचं इचारलं. लाभार्थी त थे घरकुलवाले."
समोरच्या घरकुलाच्या भिंतीवर खरंच रंगवलेलं होतं, 'लाभार्थ्याचे नाव', खाली त्या माणसाचं नाव. 14 फॉर्म बाद.
'निराधार भेटते का' असं सरळ लिहिलं तर गाईड म्हणतात, प्रबंधात बोली नको. आजीलाही कळेल आणि गाईडलाही चालेल असा शब्द सुचवा. छपाई शुक्रवारी.

मुळाक्षर
आजींचं व्याकरण तुमच्यापेक्षा पक्कं आहे. 'अर्थी' म्हणजे इच्छिणारा. विद्या हवी तो विद्यार्थी, शरण हवी तो शरणार्थी. लाभ हवा तो लाभार्थी. ज्याला मिळाला त्याला 'लाभधारक' म्हणा.

हुरडा
म्हणजे ज्यांचे अर्ज तहसिलीत दोन वर्षं पडून आहेत तेच अस्सल लाभार्थी. पटलं बुवा.

मुळाक्षर
हसा. पण 'निराधार भेटते' मात्र छापू नका. माणूस भेटतो, वस्तू मिळते. एवढा भेद प्राथमिक शाळेत शिकवतात.

वैनगंगा
झालं सुरू. पुण्यात शिकायला होतो तेव्हा मेसमध्ये 'पोळी भेटेल का' विचारलं, तर काकू म्हणाल्या, "भेटेल, ओळख करून देऊ का?" सगळी मेस हसली. पुढे तीन वर्षं मी 'द्या' एवढंच म्हणायचो. भंडारा-गोंदियापासून बुलढाण्यापर्यंत आम्हाला सगळं भेटते. नोकरी भेटते, सुट्टी भेटते, तिकीट भेटते. एवढ्या लोकांचं चुकलं का?

जुना मास्तर
मुळाक्षर, तुमच्या नियमाचा पायाच पाहू. 'मिळणे' आलं संस्कृत 'मिल्'वरून, म्हणजे एकत्र येणे, गाठ पडणे. नदी समुद्राला मिळते ती काय वस्तू म्हणून? मिलन, मेळ, मेळा, मेळावा, सगळ्यात भेटच आहे. 'गाठ पडणे' या अर्थाचं 'मिळणे' प्रमाण मराठीनं प्राप्तीला चालवलं, आमच्या वऱ्हाडानं तेच 'भेटणे'चं केलं. तुमचं शुद्ध आणि आमचं अशुद्ध कसं? 34 वर्षं वर्धा जिल्ह्यात मराठी शिकवली, मुलांच्या वहीतलं 'भेटते' लाल शाईनं खोडलं. आज त्याची लाज वाटते.

मुळाक्षर
मास्तर, व्युत्पत्तीवर भाषा चालत नाही, संकेतावर चालते.

हुरडा
मग सकाळी 'लाभार्थी'ची व्युत्पत्ती कोणी काढली होती?

मुळाक्षर
तो मुद्दा वेगळा. आणि तुमचं 'भेटते' सरळ हिंदीचं भाषांतर आहे. हिंदीत 'मिलना' दोन्हीला चालतं. सी.पी. अँड बेरारच्या काळचा प्रताप.

जुना मास्तर
नागपूरचं एक वेळ म्हणा. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे गेलं 1853 मध्ये आणि मध्य प्रांताला जोडलं 1903 मध्ये. त्याआधी इथला कास्तकार मुका होता का? 'कास्तकार' फारसी आहे हे मीच सांगून टाकतो, तेवढे तुमचे कष्ट वाचतील.

अव्वल कारकून (निवृत्त)
तहसिलीत या पेन्शनच्याच टेबलावर नऊ वर्षं काढली म्हणून सांगतो. संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 ची. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, असे 65 वर्षांच्या आतले तिच्यात. 65 च्या पुढे श्रावणबाळ. मी होतो तेव्हा 600 रुपये होते, मग 1000 झाले, 2023 मध्ये 1500. दिव्यांग सोडून बाकीच्यांना उत्पन्नाचा दाखला वर्षाला 21,000 च्या आतला पाहिजे. लोक योजनेचं पूर्ण नाव कधीच घेत नाहीत. दारातून आवाज यायचा, "साहेब, माह्या श्रावणबाळ आला का?" पोरगा पुण्याला, श्रावणबाळ तहसिलीत. म्हणून ताई, 'निराधार भेटते का' एवढंही पुरणार नाही. श्रावणबाळवाल्या निम्म्या 'हो' म्हणतील, निम्म्या 'नाही'. 'पगार' विचारा. महिन्याचा पगार येतो का म्हटलं की सगळ्या बोलतात.

मुळाक्षर
पगार कामाचा असतो. हे अनुदान आहे.

अव्वल कारकून (निवृत्त)
ज्या बाईनं पन्नास वर्षं लोकांच्या वावरात कापूस वेचला तिला जाऊन सांगा.

जुना मास्तर
'पगार' पोर्तुगीज. 'पागार' म्हणजे पैसे देणे. कामाची अट मुळात नाहीच.

वैनगंगा
मला 'भेटते'पेक्षा 'लागलं' मजेदार वाटते. घरकुल लागलं, निराधार लागलं, नंबर लागला. लॉटरी लागते तसं. लोक योजनेला हक्क समजतच नाहीत, नशीब समजतात. ताई, तुझा प्रबंध इथे आहे, शब्दात नाही.

पऱ्हाटी
हे मलाही वाटलं होतं, पण तेवढ्यावर टेकायला भीती वाटते. नोकरीही 'लागते'. परीक्षा देऊन लागलेल्या नोकरीला कोणी लॉटरी म्हणत नाही. आणि त्याच आजी रोजगार हमीबद्दल 'लागलं' म्हणाल्या नाहीत. "कामावर जात होतो, मस्टरवर अंगठा होता" म्हणाल्या. रोहयोचा महाराष्ट्राचा कायदा 1977 चा, तिथे काम मागायचं असतं. पेन्शनला तलाठ्याकडून दाखला आणून समितीच्या बैठकीची वाट पाहायची असते. क्रियापद तिथून बदलत असेल.

हुरडा
निराधार ठरायला आधार कार्ड लागतं हा विनोद अजून कोणी केला नाही. मी करतो.

वैनगंगा
शिळा आहे. आणि ज्यांचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत त्यांना विनोद वाटत नाही.

पऱ्हाटी
शब्दांवरून निघालंच आहे तर एक सांगते. एका घरी फाईल होती, वर 'अपात्र' असा शिक्का. नवऱ्यानं विष घेतलं होतं. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला 1 लाखाची मदत असते, पण जमीन सासऱ्याच्या नावावर, कर्ज सावकाराचं, म्हणून प्रकरण बसलं नाही. ती बाई बोलता बोलता म्हणाली, "आमचे हे अपात्र झाले." मदत अपात्र नाही, अर्ज अपात्र नाही. 'हे' अपात्र. तिला नवीन शब्द द्यायचा म्हणजे कुठला? 'एकल महिला' म्हणून पाहिलं, तर म्हणाली, "एकली कायची? सासू आहे, दोन पोरी आहेत, बकऱ्या आहेत."

जुना मास्तर
हं.

मुळाक्षर
'पात्र' म्हणजे मुळात भांडं, ज्यात काही ठेवता येतं ते. यावर मी काही भांडत नाही. मात्र प्रश्नावलीत 'लाभधारक' अजूनही सुचवतो, कंसात 'पगार' द्या हवं तर.

हुरडा
लाभधारक ऐकून आजी बँकेत शेअर विचारायला जातील.

अव्वल कारकून (निवृत्त)
ताई, त्या दोन महिने पैसे न आलेल्या आजींनी यंदा हयातीचा दाखला दिला होता का? बहुतेक तेच अडलं असेल. नाहीतर खातं आधारला जोडलेलं नसेल. तलाठ्याला विचारायला लावा.

पऱ्हाटी
काल फोन केला. दाखलाच राहिला होता. त्यांचे शब्द: "जित्ती आहो म्हनून कागद द्या लागते म्हने. मंग म्या पोरीसंग एवढी बोलली थे काय?"
फॉर्मबद्दल अजून कोणी काही?

मुळाक्षर
'जित्ती' कशावरून? 'जीवित' की 'जिता'? 'त'चं द्वित्व वऱ्हाडीत इतरत्रही होतं का? मास्तर?

जुना मास्तर
यासाठी वेगळा धागा काढा. सांगण्यासारखं पुष्कळ आहे.