कारखाना वाचवताना कामगार आठवतो, निकालात तो कुठे जातो?

सातपूरकर
नोव्हेंबर 2025च्या एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. 18 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ‘वनशक्ती’ प्रकरणातला आपलाच मे महिन्यातला निकाल दोन विरुद्ध एक मताने मागे घेतला. आधी काम सुरू करायचं आणि पर्यावरण मंजुरी मागाहून घ्यायची, ही मे महिन्यात बंद झालेली वाट त्यामुळे पुन्हा मोकळी झाली. 21 तारखेला कामगार कायद्यांच्या चारही नव्या संहिता लागू झाल्या. पहिल्या बातमीवर पर्यावरणवाले बोलले, दुसरीवर युनियनवाले. दोन्ही एकत्र ठेवून बोलताना मी नाशिकमध्ये तरी कुणाला ऐकलं नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रदूषणाच्या खटल्यात मालकाचा वकील कामगाराला पुढे करतो, कोर्ट त्याची दखल घेतं, कारखाना चालू राहतो आणि कामगाराच्या हाती काही पडत नाही. 2020चं अलेम्बिक प्रकरण बघा. गुजरातच्या तीन औषध-रसायन कंपन्या मंजुरीशिवाय चालत होत्या. मागाहून दिलेली मंजुरी कायद्यात बसत नाही, असं कोर्टाने ठणकावून सांगितलं. तरी गुंतवणूक आणि रोजगार बघून कारखाने बंद केले नाहीत, प्रत्येकी 10 कोटी भरायला लावले. 2022च्या पाहवा प्लास्टिक्स प्रकरणातही शेकडो लोकांच्या पोटापाण्याचा दाखला होता. तिथे फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन बनतं. त्या वाफेत आठ तास उभं राहणाऱ्याची छाती कुणी तपासायची, हा प्रश्न त्या तराजूत आलाच नाही.

आणि हे कोर्टाला जमत नाही असंही नाही. 1996ला दिल्लीतले 168 घातक उद्योग शहराबाहेर काढताना त्याच न्यायालयाने कामगारांचा वेगळा विचार केला होता. कारखान्याबरोबर जाणाऱ्याला नोकरी सलग धरून वर एक वर्षाचा पगार, आणि मालकाने कारखाना कायमचा बंद केला तर भरपाई पुढे सहा वर्षांच्या पगारापर्यंत वाढवली. मग 2020ला ते का नाही? माझी मागणी एवढीच, की अशा खटल्यात कामगारांना पक्षकार करा.

निफाडकर
सातपूरकर, तुमची तळमळ पटते, मांडणी पटत नाही. रोजगार कोर्टाला दिसतो कारण तो आकड्यात सांगता येतो. आमचं नुकसान कुठल्या आकड्यात सांगू? सायखेडा-चांदोरीला उन्हाळ्यात गोदावरी बघायला या. पुलाखाली पाणवेलींचा थर असतो, पाणी दिसत नाही. नाशिकचं सांडपाणी, नासर्डी नदीतून येणारं सगळं, ते वाहत आमच्यापर्यंत येतं. पुढे नांदूरमधमेश्वर आहे, 2020पासून महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथल्या पक्ष्यांची निदान गणती होते. त्याच पाण्यावर म्हशी धुणाऱ्या माणसाची होत नाही.

1987ला कानपूरच्या चामड्याच्या कारखान्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने बेरोजगारी येईल, महसूल बुडेल हे मान्य केलं आणि तरीही लोकांचं जीवन, आरोग्य आणि निसर्ग मोठा ठरवला. मला तो निकाल आजही बरोबर वाटतो. त्यानंतर न्यायालयं हळूहळू त्यावरून मागे आली. 2013ला तुतिकोरिनचा स्टरलाइटचा तांब्याचा कारखाना 100 कोटींची भरपाई घेऊन चालू ठेवला, तेव्हाही रोजगाराचा विचार झाला होता. 2018च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात 13 माणसं गेली. 2024ला सर्वोच्च न्यायालयाने तोच कारखाना बंद ठेवण्यावर शिक्कामोर्तब केलं. मधल्या वर्षांचा हिशेब कुणी दिला?

अंबड_सेकंड_शिफ्ट
निफाडकर दादा, क्लोजर नोटीस, म्हणजे कारखाना बंद करायचा आदेश, लागते तेव्हा आत काय होतं ते सांगतो. पाणी प्रदूषण कायद्याच्या कलम 33अ खाली प्रदूषण नियंत्रण बोर्ड वीज-पाणी तोडायला सांगू शकतं. लाइन गेली की मशीन बंद. परमनंट माणसाला लेऑफ, म्हणजे निम्मा पगार, तोही कारखान्यात पन्नास कामगार असतील आणि मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, वर्ष भरलं असेल तर. धातूला मुलामा देणाऱ्या प्लेटिंगच्या शेडमध्ये पन्नास माणसं असतात का कधी? मी ज्या शेडला होतो तिथे मस्टरवर मोजकी नावं, बाकी सगळे ठेकेदाराचे. नोटीस आली त्या दिवशी ठेकेदाराने फोन उचलणं बंद केलं. मालकाने ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, दुरुस्त केला, फोटो पाठवले, काम पुन्हा सुरू झालं. आमच्यातले निम्मे तोवर गावी गेले होते, त्यांच्या जागी नवे आले. नदीत ॲसिड सोडायचा निर्णय पिकलिंगच्या (ॲसिडने धातू साफ करायच्या) टाकीवरच्या हेल्परने घेतलेला नसतो. शिक्षा मात्र त्याला सगळ्यात आधी.

कोर्टकचेरी
थोडं कायद्यावर येऊ. पर्यावरणाचे खटले चालवणारा हरित लवाद कामगाराला विसरतो असं नाही, त्याच्या 2010च्या कायद्यानेच त्याला बाहेर ठेवलंय. कलम 17 वाचा: अपघातात मृत्यू किंवा इजा झाली तर भरपाई कुणाला, तर ‘कामगार सोडून’ कुठल्याही व्यक्तीला. कामगारासाठी 1923चा भरपाई कायदा होता, आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. त्यात मृत्यूची रक्कम म्हणजे मासिक पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणक, आणि पगार कितीही मोठा असो, 2020पासून हिशेबाला 15,000च धरले जात होते. म्हणजे एकाच स्फोटात भिंतीच्या आतला आणि बाहेरचा माणूस गेला तर दोघांना दोन मोजमापं.

तरी लवादाने ही चौकट ताणली आहे. जून 2020ला गुजरातमधल्या दहेजच्या रसायन कारखान्यातल्या स्फोटात कामगारच मेले होते, आणि लवादाने कंपनीला 25 कोटी जमा करायला सांगितले. दिल्लीच्या 1996च्या आदेशाचं मात्र इतकं कौतुक नको. ज्याच्याकडे नोकरीचा कागद नव्हता त्याला हक्कच सांगता आला नाही. अंबडवाल्यांचा ठेकेदार तिथेही होताच.

आणि कामगारांना पक्षकार करा म्हणणाऱ्यांना एक विचारतो. युनियन हस्तक्षेप अर्ज करून उभी राहिली तर ती कुणाच्या बाजूने बोलेल? बहुतेक वेळा ‘कारखाना चालू ठेवा’. मालकाला एक फुकटचा वकील मिळेल.

सातपूरकर
कोर्टकचेरी, बोलू द्या ना! चालू ठेवा म्हणतील, पण त्याबरोबर छातीचे एक्स-रे काढा, हातमोजे द्या, नोटीसच्या काळातला पगार द्या, हेही म्हणतील. मालकाचा वकील हे कधी म्हणणार? 1995च्या ॲस्बेस्टॉस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचं आरोग्य घटनेच्या कलम 21च्या जगण्याच्या हक्कात धरलं. वैद्यकीय नोंदी कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षं, यातलं जे नंतर संपेल तोवर ठेवायला सांगितल्या. धूळ आधी आतल्याच्या फुप्फुसात जाते, मग बाहेरच्याच्या. कामगार हा प्रदूषणाचा पहिला बाधित आहे. खटल्यात त्याला लाभार्थी समजतात, इथेच सगळं बिघडतं.

पंचवटी_तपोवन
सगळे माणसाच्याच हिताचं मोजताय. कुंभातल्या साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामासाठी नाशिकच्या तपोवनातल्या सुमारे 1,800 झाडांचा विषय निघाला तेव्हाही तेच: कुंभ, पर्यटन, रोजगार. 2012ला गोदावर्मन प्रकरणात रानम्हशींबद्दल बोलताना सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं होतं की माणसाला केंद्रात ठेवून पर्यावरणाचा न्याय होणार नाही. 50 वर्षांवरच्या झाडाला 2021पासून आपल्या राज्यात वारसा वृक्षाचा दर्जा आहे. त्या झाडाने काही उपयोगाचं असलंच पाहिजे का?

अंबड_सेकंड_शिफ्ट
ताई, झाडं वाचावीत, मीही येईन तिथे. पण माणूस केंद्रातून काढायचा म्हणता तेव्हा आधी कुठला माणूस काढतात हे आम्हाला माहीत आहे.

पंचवटी_तपोवन
तसं होऊ नये, हे मान्य. पण म्हणून झाडाने रोजगाराचा दाखला आणावा, हे मी मान्य करणार नाही.

कोर्टकचेरी
सातपूरकर, ‘पहिला बाधित’ हा मुद्दा घेतो. पण त्यासाठी कलम 17 बदलावं लागेल, निकालांवर टीका करून भागणार नाही. संसदेकडे मागा.

सातपूरकर
संसद बदलेल तेव्हा बदलेल. 33अ मध्ये बोर्ड कोणतेही निर्देश देऊ शकतं असे शब्द आहेत. बंदच्या आदेशातच लिहा की या काळातला पगार, ठेकेदारी कामगारांसकट, मालक देईल. त्र्यंबक रोडच्या उद्योग भवनात, बोर्डाच्या ऑफिसात, निवेदन द्यायला किती वेळ लागतो?

कोर्टकचेरी
ते निर्देश जलप्रदूषण रोखण्यासाठी आहेत. पगाराचा हुकूम पहिल्याच सुनावणीत उडेल.

सातपूरकर
उडू दे. तेव्हा निदान कारण लेखी मिळेल.

निफाडकर
पगाराच्या अटीच्या निवेदनावर मी सही करतो, गावातल्या चार जणांच्याही आणतो. त्याने मालकाला नोटीस महाग पडेल आणि आमच्या नदीलाही ते बरंच. पण त्याच कागदात ‘रोजगार लक्षात घेऊन मुदतवाढ द्यावी’ असं एक वाक्य जरी घातलंत तरी माझी सही नाही. आधी मसुदा इथे टाका.