टोडस्टूल लेदर कोरलच्या सावलीत झोआ कोरल लांब होतायत, लाईट वाढवू का?

खारघर_रीफ:
नमस्कार मंडळी, अडीच फुटी खाऱ्या पाण्याचा कोरलचा (प्रवाळाचा) टँक आहे, मधोमध एकच एलईडी टांगलेली. टोडस्टूल लेदर (छत्रीसारखं मऊ कोरल) जोरात वाढलाय, टोपी आता ताटाएवढी झालीय आणि तिच्याखाली जे झोआ (बटणाएवढ्या, फुलासारख्या पॉलिपचं कोरल) आहेत ते देठ लांब करून बाहेरच्या बाजूला झुकायला लागलेत, रंग पण उतरून तपकिरी झालाय. त्याच रॉकवर टोपीच्या बाहेर जे थोडे पॉलिप आहेत ते मात्र बुटके, घट्ट, हिरवेगार. दुकानदार म्हणतो लाईट शंभर टक्के करून टाका. करू का?

घोडबंदर_सॉल्टी:
शंभर टक्के अजिबात नको दादा!! तुमच्या टोपीखालच्या अंधारात त्याने फारसा फरक पडणार नाही, वाढलेला उजेड सगळा लेदरच्या डोक्यावर आणि बाहेरच्या झोआंवर जाईल, म्हणजे जे चांगले आहेत तेच भाजतील. एलईडीचा उजेड एकाच जागेवरून येतो म्हणून सावली कडक पडते, टी-फाईव्हच्या नळ्यांचा पसरून येतो म्हणून तिथे सावली मऊ असते. वॅट किती यापेक्षा त्या पॉलिपवर उजेड किती पोचतोय ते बघायचं.

तपकिरी का झाले तर कोरलच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं शैवाल राहतं, तेच उजेडावर अन्न बनवून कोरलला बरंचसं खायला घालतं, उजेड कमी पडला की ते रंगद्रव्य वाढवतं आणि अख्खा पॉलिप तपकिरी दिसायला लागतो. असं अंधाराला सरावलेलं कोरल एकदम कडक लाईटखाली आलं की उलटं होतं, शैवालावर ताण येतो, कोरल ते बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. त्यात आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टँक ३० च्या वर गेला तर लाईट आणि गरमी दोन्ही मिळून लवकर घात करतात.

रॉक हलवता येत असेल तर टोपीच्या बाहेर, पण आधी खालच्या बाजूला ठेवा आणि काही आठवड्यांत हळूहळू वर आणा. झोआंना साधारण ८० ते १५० पार (शैवालाला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) पुरतो. ओळखीत कुणाकडे पार मीटर असेल तर मागून घ्या, मोबाईलचं लक्स ॲप निळ्या लाईटखाली भरवशाचं नाही.

वाशी_नॅनो:
वरचं सगळं बरोबर पण एक गोष्ट तपासा. लेदर पाण्यात केमिकल सोडतो, शेजारच्या कोरलला त्याचा त्रास होतो. देठ लांब करून उघडे राहत असतील तर उजेड कमी, आणि दिवसभर मिटून आक्रसलेले असतील तर केमिकलचा संशय घ्या. असं केमिकल शोषून घेणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन तर लेदर असलेल्या टँकमध्ये मी कायम ठेवतो, महिन्याच्या महिन्याला बदलायचा.

खारघर_रीफ:
उघडतात हो, पूर्ण उघडतात, फक्त लांब झालेत. म्हणजे उजेडच. पण रॉक खालच्या मोठ्या रॉकला चिकटवलेला आहे, हलत नाही.

घोडबंदर_सॉल्टी:
मग टोपीच छाटा की. टोडस्टूलची कड धारदार ब्लेडने कापली तरी तो काही दिवसांत भरून येतो, कापलेला तुकडा छोट्या दगडावर रबरबँडने सैल धरून ठेवला तर त्याचंही नवीन लेदर होतं. टँकमध्ये नका कापू, वेगळ्या बादलीत टँकचंच पाणी घेऊन कापा, नंतर कार्बन ताजा घाला. आणि छाटल्यावर झोआंवर अचानक उजेड पडणार, तेव्हा लाईट आत्ता आहे त्याच्याही खाली आणून दर आठवड्याला थोडी थोडी वर न्या. लाईटचा टाइम ८-९ तासच ठेवा.

वाशी_नॅनो:
झोआ खरवडून काढायचा मोह झाला तर ग्लोव्ह्ज आणि चष्मा घालूनच, काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, फार जहाल विष आहे. रॉक उकळायचा तर विचारही नको, त्याच्या वाफेने लोक हॉस्पिटलात गेलेत. आणि मोकळ्या जागेत हार्ड कोरल आणणार असाल तर थांबा, सगळे दगडी कोरल २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहेत, दुकानात मिळतंय म्हणून घ्यायचं नाही. मशरूम कोरल लावा, त्याला सावलीच आवडते, लेदरखालच्या त्याच कोपऱ्यात मस्त पसरेल.