मुलींची फीमाफी आणि आठवीनंतरची गळती

मूळ मांडणी

राज्य सरकारने २०२४-२५ पासून, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले, याचे स्वागतच आहे. परंतु ज्या मुली बारावीपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यांच्या पदरात यातून काय पडते? बीडमधील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर निघाली की मुलीने एकतर फडावर जाऊन धाकटी भावंडे सांभाळायची, नाहीतर गावी आजीपाशी राहायचे. वयात आलेल्या मुलीला असे मागे ठेवायला आईवडील धजावत नाहीत. त्यातच मजूर पुरवणारा मुकादम नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो, त्यामुळे तिचे लग्न लवकर उरकले जाते. म्हणून पैसा आधी हंगामी वसतिगृहांवर, म्हणजे आईवडील ऊसतोडीला गेल्यावर गावी राहणाऱ्या मुलामुलींच्या सोयीवर, खर्च व्हावा.

प्रतिसाद १

फीमाफीला दुय्यम ठरवणे मला मान्य नाही. मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी शेत गहाण पडते आणि तेवढ्याच हुशार मुलीला तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला घातले जाते, हे मी आमच्या भागात पाहत आलो आहे. निम्म्या फीची सवलत पूर्वीही होती, पण उरलेली निम्मी भरायची वेळ आली की तिच्या लग्नाचा खर्च आठवायचा. ती सबब आता उरली नाही.

मूळ लेखिका

सबब गेली, अंतर राहिले. शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षापर्यंतच हात देतो आणि नववीची शाळा अनेकदा दुसऱ्या गावात असते. बिहारने २००६ मध्ये नववीतील मुलींना सायकलसाठी पैसे देणे सुरू केले, तेव्हा अभ्यासकांना मुलींच्या माध्यमिक प्रवेशात ३२ टक्के वाढ आढळली, आणि शाळा ३ किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत परिणाम अधिक दिसला.

प्रतिसाद २

सायकलीचा मुद्दा पटतो, हंगामी वसतिगृहाचा नाही. अनेक गावांत तिथे दोन वेळचे जेवण मिळते, पण रात्री मुली नातेवाइकांकडेच झोपतात. म्हणजे आईवडिलांना ज्याची धास्ती वाटते, ते जिथल्या तिथेच राहते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर झाली. मागायचेच असेल तर त्या योजनेत मुलींच्या जागा वाढवून मागा, आणि तिथे मुक्कामी राहणारी महिला अधीक्षक असलीच पाहिजे.