पॅरेंटचं फील्ड पब्लिक करू नका

जावा या प्रोग्रामिंग भाषेत चाइल्ड क्लासमधून (पॅरेंट क्लासवरून बनवलेल्या क्लासमधून) पॅरेंटचं ‘शिल्लक’ हे फील्ड, म्हणजे आकडा साठवायची जागा, दिसत नाही, तर ते पब्लिक (सगळ्या कोडला खुलं) करून टाका, असा सल्ला एकाने दिला; मला तो पटला नाही. प्रायव्हेट (फक्त स्वतःच्या क्लासच्या कोडला खुलं) फील्ड चाइल्डच्या ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे त्या क्लासवरून तयार केलेल्या नगात, असतंच, फक्त चाइल्डच्या कोडला त्याला थेट हात लावता येत नाही. पॅरेंटमध्ये प्रोटेक्टेड (चाइल्डलाही वापरता येणारी) मेथड, म्हणजे ते फील्ड हाताळणारा कोडचा तुकडा, द्या, भागतं. (प्रोटेक्टेड त्याच पॅकेजमधल्या (क्लासेसच्या गटातल्या) सगळ्यांनाही खुलं असतं, तेवढं लक्षात ठेवा.)

आणि कृपा करून चाइल्डमध्ये त्याच नावाचं फील्ड पुन्हा लिहू नका! मेथड ओव्हरराइड होते (पॅरेंटच्या मेथडऐवजी चाइल्डची चालते), फील्ड होत नाही. एकाच ऑब्जेक्टमध्ये दोन शिल्लक राहतात. अंधेरीच्या ऑफिसात प्रवास-कार्डाच्या कोडवर माझी अख्खी संध्याकाळ यात गेली. चाइल्डमध्ये ५०० भरले, पॅरेंटच्या मेथडने छापले ०. चाइल्डमधलं डिक्लेरेशन काढलं, पॅरेंटची भरणा-मेथड वापरली, तेव्हा कुठे आकडा जुळला आणि मी विरार लोकल पकडली.