मदत हवी आहे: दोन दर्शक, दोन रीडिंग

ब्युरेटमध्ये ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, फ्लास्कमध्ये १० मिली ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल. मिथिल ऑरेंज हा दर्शक (रंग बदलून आम्ल संपल्याचं दाखवणारा पदार्थ) वापरला तर १०.० मिली लागतात, फिनॉल्फ्थॅलिनला १०.२. दोन्हीकडे तिन्ही रीडिंग ०.०५ मिलीच्या आत जुळतात आणि पिपेट एकच, तेव्हा हातचूक नाही. दर्शकांच्या पीएचमुळे पडणारा फरक ०.०२ मिलीच्या आसपास, तोही पुरत नाही. संशय कार्बोनेटवर, जे सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून बनवतं: मिथिल ऑरेंजला ते पूर्ण मोजलं जातं, फिनॉल्फ्थॅलिनला बायकार्बोनेटपर्यंतच, म्हणजे निम्मंच. त्या हिशोबाने एकूण अल्कलीच्या ४ टक्के कार्बोनेट निघतं. जरा जास्तच वाटतं, पण सोडियम हायड्रॉक्साइडच्या पेलेट्स (गोळ्या) जुन्या आहेत.

उपाय म्हणून सोडियम हायड्रॉक्साइडच्या ५० टक्के द्रावणात कार्बोनेट खाली बसवून वरचं निवळ वापरायचंय, पण ते दाट असल्याने गढूळपणा जात नाही. फिल्टर पेपर तर फुगून खराबच होईल. किती दिवस थांबावं? की कार्बोनेट साक्याच्या रूपात काढायला सरळ बेरियम क्लोराइड घालावं?