टाचेच्या टेंडनला सुई की भार?

धावरा_पुणेकर
आमच्या धावण्याच्या ग्रुपात कुणाची टाच दुखली की लगेच पीआरपी. स्वतःचंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं, त्यातल्या प्लेटलेट्स टेंडनमध्ये, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत, टोचायच्या. माझ्या मते पैसे पाण्यात. टेंडनमधल्या पेशींना, म्हणजे टेनोसाइट्सना, ताण कळतो. भार पडला की त्या कोलॅजन, म्हणजे टेंडन ज्या तंतूंचं असतं ते प्रथिन, बनवतात. स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये पंधरा धावपटूंना पायरीवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायला लावली, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. पंधराही जण पुन्हा धावू लागले.

शंकासूर
असहमत. पंधरा माणसं, तीही चिठ्ठ्या टाकून गट न पाडता. आणि पेशी बनवतात म्हणे! अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ डॅनिश संशोधकांनी टेंडनमध्ये मोजला (२०१३), त्यावरून तो भाग कधी बनला ते कळतं. अकिलीस टेंडनचा, म्हणजे याच टाचेच्या टेंडनचा, गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो, पुढे जवळजवळ तसाच राहतो. चाळिशीत पायरीवर चढून काय नवं बनणार? पोटरी तगडी होते, म्हणून बरं वाटतं, एवढंच.

फिजिओताई
गाभा जुना, मान्य. पण म्हणून पेशी रिकाम्या बसल्यात असं नाही हो. मँचेस्टरच्या गटाने २०२० मध्ये उंदरांत दाखवलं की जाड तंतू टिकून राहतात, मधले बारीक तंतू मात्र शरीराच्या घड्याळाप्रमाणे रोज घातले-काढले जातात. आणि दुखऱ्या टेंडनची गंमत वेगळीच. त्याच डॅनिश मंडळींना २०१८ मध्ये आढळलं की तिथे कोलॅजनची उलाढाल त्रास सुरू व्हायच्या कित्येक वर्षं आधीपासून वाढलेली असते. पेशी आधीच नको तेवढ्या राबतायत, मग 'पेशी जाग्या करा' ही पीआरपीची जाहिरात कशासाठी?

धावरा_पुणेकर
अगदी! २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये ५४ रुग्णांपैकी निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसतं सलाइन टोचलं. व्यायाम दोघांनाही. दोन्ही गट सुधारले, फरक काही दिसला नाही.

शंकासूर
व्यायाम दोघांनाही होता ना? मग व्यायामाशिवाय काय झालं असतं, ते यातून कळतच नाही. पीआरपी हरली, तुमची पायरी जिंकली नाही.

लाटणंवाली
तुमची टाच हौसेची आहे. माझी आई पोळीभाजी केंद्रात लाटते. दुखऱ्या कोपराला कॉर्टिसोनचं, म्हणजे सूज-दुखणं दाबणारं, इंजेक्शन घेतलं आणि पुढच्या आठवड्यात कामावर. बारा आठवडे कोण थांबतं?

फिजिओताई
थांबायला सांगतच नाहीये. पण कॉर्टिसोन टेनोसाइट्सचं काम दाबतं. २०१० च्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या आढाव्यात टेनिस एल्बोवर, म्हणजे कोपराच्या टेंडनच्या दुखण्यावर, पहिले काही आठवडे फायदा दिसला, सहा महिने-वर्षभराने मात्र इंजेक्शन न घेतलेलेच पुढे होते. लाटणं चालू ठेवून मनगटाचा हलका भाराचा व्यायाम करता येतो. दुसरं इंजेक्शन घ्यायच्या आधी आईंना एकदा विचारा तरी.

लाटणंवाली
विचारते. पण पुढच्या महिन्यात गणपती आहेत, मोदकांच्या ऑर्डरी घेऊन बसलीये. ती काय म्हणणार ते मला आत्ताच माहितीये.