ऑशवित्झमधले केस: काचेआड ठेवायचे की पुरायचे?

वाटसरू: गेल्या महिन्यात पोलंडमधल्या क्राकूहून ऑशवित्झला, नाझींच्या छळछावणीच्या जागी असलेल्या संग्रहालयात, जाऊन आलो. चौथ्या ब्लॉकच्या वरच्या मजल्यावर लांबलचक काचेमागे बायकांच्या केसांचा ढीग आहे, जवळपास दोन टन. काळे-पिंगट-सोनेरी काही ओळखू येत नाही, इतक्या वर्षांत सगळे राखट झालेत. मधूनच एखादी वेणी मात्र अजून तशीच, पीळ न सुटलेली. केसांपासून विणलेलं कापडही ठेवलंय. ऑशवित्झमध्ये गॅस देऊन मारल्यावर बायकांचे केस कापत. म्हणजे हा प्रेताचाच भाग झाला. मग तो तिकडे मांडून का ठेवायचा? पुरा की!

तर्कट: साफ असहमत. छावण्यांचा कारभार बघणाऱ्या रिखार्ड ग्ल्यूक्सच्या कचेरीतून ६ ऑगस्ट १९४२ रोजी लेखी हुकूम निघाला की केस गोळा करा, पाणबुडीवरच्या खलाशांच्या मोज्यांना सूत लागतंय. जानेवारी १९४५ मध्ये रशियन सैन्य पोचलं तेव्हा सुमारे सात टन केस तिथेच पडून होते. क्राकूच्या न्यायवैद्यक संस्थेला त्यात सायनाइडचे अंश सापडले. हा मुद्देमाल आहे राव. 'असं काही झालंच नाही' म्हणणारे अजून जिवंत असताना तुम्ही तो मातीत घालायला निघालात?

वाटसरू: तपासाला चिमूटभर पुरते, दोन टन कशाला? आणि नाकारणारा ढीग बघून वळेल? तो म्हणेल, टोपाचे आहेत. वॉशिंग्टनच्या संग्रहालयातही केस मांडायचे होते. छळछावणीतून वाचलेल्यांनीच हरकत घेतली: यात आपल्या आईचे असले तर? तिथे आता नुसता फोटो लावलाय. काय अडलं?

मधलीआळी: फोटोपुढून माणूस पुढे सरकतो. केसांपुढे पाय थबकतात. (माझे थबकले होते.)

अलिबागची: आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. माणूस गेला की होता होईतो त्याच दिवशी दफन, हे लहानपणापासून बघत आलेय. त्यामुळे वाटसरूंचं म्हणणं पटायला हवं, पण पटत नाही. बाकीच्या देहाची राख झाली. ती सोला आणि विस्तुला नद्यांत ओतली, खत म्हणून शेतात टाकली. या बायकांचं म्हणावं असं एवढंच उरलंय. ते पुरलं की जगाला हायसं वाटेल, आणि ते मला नकोय. माझे मामा ऐकतील तर रागावतील, तो भाग वेगळा.

खडूस: ताई, जगाला काय वाटेल यासाठी मेलेल्यांना ताटकळत ठेवायचं?

अलिबागची: प्रश्न बोचला. उत्तर नाही माझ्याकडे.

पायरीवरचा: थोडं अवांतर, पण पोलंडमधल्याच बेल्झेक या दुसऱ्या नाझी छावणीचं बघा. नाझींनी तिथली प्रेतं उकरून जाळली, वर झाडं लावली. ते गेल्यावर आसपासचे लोक सोन्याच्या आशेने तीच जमीन खणत बसले. २००४ मध्ये स्मारक झालं तेव्हा कुणाचा पाय कबरीवर पडू नये म्हणून सगळं मैदान कारखान्याच्या धातुमळीनं झाकलं. पण मधोमध खोल वाट खणलीच, आणि त्यावरून एका अमेरिकन रब्बीने जोरदार विरोध केला. मान राखायला निघालेल्यांच्या हातातही फावडं आलंच.

तर्कट: मुद्दा बरोबर, पण केसांना तो कसा लागू?

पायरीवरचा: लागू आहे. ऑशवित्झमध्ये लहान मुलांचे आठ हजार बूट जतन करण्याचं काम २०२३ मध्ये सुरू झालं. केसांवर असे उपचार करत नाहीत, कारण तो मानवी अवशेष. ते आपोआप झिजताहेत. पुरलेले नाहीत, टिकवलेलेही नाहीत. तुम्ही दोघे भांडत बसा, ढीग कुणासाठी थांबत नाहीये.

वाटसरू: हे माहीत नव्हतं. त्या खोलीत फोटोला बंदी आहे. आमच्या गटातल्या एका पोराने मोबाइल मुकाट खिशात घातला, आणि बुटांच्या काचेपाशी पोचल्याबरोबर पुन्हा बाहेर काढला. तरी माझं मत पुरण्याचंच. ढीग असा काचेमागे विरून जाणं म्हणजे दफन नव्हे.